केसभर जास्त

लग्नाला गेलेला माणूस नवरी बघतो, जेवण बघतो, फार तर कोण कोणाशी बोलत नाही ते बघतो. उस्ता मुतवल्ली, म्हणजे आमचा मुतवल्ली मिस्त्री, टेबलाखाली बघायचा. सगळे स्थिरस्थावर झाले की हा हळूच चादरीचं टोक उचलायचा, खाली वाकून टेबलाचा नाहीतर सोफ्याचा पाय चाचपायचा आणि बायकोच्या कानाशी येऊन सांगायचा, "आपला आहे."

"उठा आधी!" इन्शिराह दातओठ खात म्हणायची. "लोकांना वाटेल काही हरवलंय."

"हरवलं नाही, सापडलंय. हात लावून बघ ना, घोट्यापाशी कसा गोल आलाय."

"परक्यांच्या सोफ्याच्या घोट्याला मी हात लावणार नाही, सांगून ठेवते."

आणि तिने कधी लावलाही नाही. तीस वर्षं संसार केला, पण नवऱ्याने केलेल्या एकाही पायाला ती वाकली नाही. तिचा तरी काय दोष? दुमयातमध्ये, इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात, खुर्ची कधी एका माणसाची नसते. एक दुकान लाकूड कापतं, दुसरं पाय करतं, तिसरं बैठक, चौथं नक्षी, पाचवं पॉलिश. अर्धवट खुर्च्या हातगाडीवर बसून दिवसभर गल्लीत या दारातून त्या दारात हिंडत असतात. मुतवल्लीच्या घरात चार पिढ्या पाय. पणजोबाने पाय केले, आजोबाने पाय केले, बाप गेला तेव्हा त्याच्या नखांत बीचच्या लाकडाचा भुसा होता. मुतवल्ली सत्तावन्न वर्षांचा झाला, आणि एक अख्खी खुर्चीसुद्धा त्याने कधी केली नव्हती. एक तरी वस्तू पहिल्या रेघेपासून शेवटच्या खिळ्यापर्यंत आपली असावी, आणि तिला बघायला चादर उचलावी लागू नये, एवढंच त्याचं मागणं. पण ते मागायचं कोणाकडे?

गल्लीची एक रीत आहे. ती कुणी शिकवत नाही, लहानपणी सर्दी लागावी तशी लागते. आपल्या दुकानातून लाकूड पुढच्या दुकानात जाताना त्यावर केसभर जास्त ठेवायचं. मापापेक्षा केसभर जाड, केसभर रुंद. पुढच्याला रंधा मारायला, कानस फिरवायला काहीतरी उरलं पाहिजे. अगदी मापात घासून दिलेलं लाकूड म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. बाकीचा मुलूख आम्हाला कंजूष म्हणून हिणवतो, पाहुण्याला आम्ही "जेवून झोपता की हलक्या पोटी झोपता?" असं विचारतो म्हणे. म्हणोत बापडे. त्यांनी आमचं लाकूड नीट मोजलेलं नाही.

तर मुतवल्लीच्या दुकानातली जमीन. पाय कापताना जे तुकडे उरायचे ते इतर लोक चुलीत घालत. हा ते टोपलीत ठेवायचा आणि दर शुक्रवारी मशिदीतून आला की पालथा पडून दुकानाच्या जमिनीत एकेक बसवायचा. अक्रोडाचा काळा, ओकचा पिवळा, बीचचा गुलाबी. तुकड्यांचे तारे झाले, आणि तीस वर्षांत दारापासून मागच्या भिंतीपर्यंत ताऱ्यांना तारे लागत गेले. वर चार बोटं भुसा. गिऱ्हाइकाला काही दिसायचं नाही.

एका फेब्रुवारीत काहिराहून, म्हणजे कैरोहून, एक इंजिनीयरबाई खुर्च्या बघायला आल्या. नर्मीन त्यांचं नाव, पायात जाड बूट, चालणं घाईचं. मुतवल्लीने चहा मागवला. बाईंनी ग्लास घेतला, बुटाने सहज भुसा बाजूला सारला, आणि ग्लास ओठापाशी तसाच राहिला. मग त्या दुसऱ्या बुटानेही सारायला लागल्या. मग ग्लास खाली ठेवून चक्क झाडू मागितला.

"हे कोणी केलं?"

शेजारचा पॉलिशवाला शहाता फुकटच्या चहाच्या वासाने आलेलाच होता. शहाता म्हणजे गल्लीचं तोंड. त्याला प्रश्न विचारायची गरज नसते, उत्तर तयार असतं. "या वेड्याने," तो म्हणाला. "तुकड्यांवर जीव जडलाय त्याचा. इन्शिराहवहिनींना इतकं चिकटून बसला असता तर त्या अजून नव्या दिसल्या असत्या."

"गप रे!" मुतवल्ली कानापर्यंत लाल झाला. "बाई, ते आपलं असंच. उरलेलं लाकूड."

"उस्ता, माझी नऊ मजल्यांची इमारत उभी राहतेय, काहिराच्या पूर्वेला, वाळवंटात. कचेऱ्याच कचेऱ्या. वरच्या मजल्यांच्या जमिनींना लाकडी पट्ट्या घालायच्या ठरल्यात. पण खालचं दालन मला सुचत नव्हतं. आठ खांब आहेत गोलात. मधे एक तारा हवा, या खांबापासून त्या खांबापर्यंत." त्यांनी बोटाने हवेत रेघ ओढली. "आठ टोकं, आठ खांब. कराल?"

"त्याचे पाय?"

"पाय नाहीत हो! अख्खी जमीन!"

मुतवल्ली त्या दिवशी घरी चालत गेला नाही, पळत गेला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा, आणि बाजारातून पळतोय. इन्शिराह बदक सोलत होती, तिला वाटलं दुकानाला आग लागली. त्याने तिच्या हातातलं बदक काढून बाजूला ठेवलं आणि तिचे दोन्ही हात धरून सांगितलं, "जमिनीवर अख्खा तारा करायचाय, लोक उभे राहतील माझ्या कामावर. उभे! दारातून आत आले की पहिलं तेच दिसेल. चादर नाही, टेबल नाही, काही नाही!" तिने हात पुसले आणि पहिल्यांदा विचारलं, "चांदणी आपल्या गच्चीत मावेल का हो काढायला?"

मावली, पण दोऱ्यांवरचे सगळे कपडे उतरवून. खडूने त्याने आठवडाभर तारा काढला, पुसला, पुन्हा काढला. इन्शिराह दोरीचं एक टोक धरून मध्यभागी उभी राहायची आणि खालून शेजारणींनी हाक मारली तरी हलायची नाही. तुपाचे रिकामे डबे कापून त्याने पत्र्याचे साचे केले, अकरा आकारांचे अकरा. मग लाकूड. टोकांना अक्रोड, मधल्या भागाला बीच, कडेला ओक. ताऱ्याचेच तुकडे झाले चार हजारांवर. एका माणसाने कापायचे म्हटलं तर नातवंडांच्या लग्नात पुरे झाले असते. म्हणून जे गल्लीत नेहमी होतं तेच झालं. सात दुकानांना काम वाटलं, बीच तीन दुकानांत गेलं, त्यातलं एक त्याचं स्वतःचं. हातगाड्या फिरायला लागल्या. गल्लीत दुसरा विषय नव्हता. भाजीवालासुद्धा विचारायचा, "तारा कुठवर आला?"

तुकडा आला की मुतवल्ली त्यावरून अंगठा फिरवायचा आणि मान डोलवायचा. बरोबर. एकदम बरोबर.

एका गोष्टीची त्याला काळजी होती आणि ती त्याने घेतलीही. आमच्या गावाला एका बाजूने नदी, दुसऱ्या बाजूने समुद्र. इथलं लाकूड ओल्या हवेत वाढलेलं. वाळवंटात नेलं की ते अंग चोरतं आणि दोन महिन्यांत सांध्यांतून बोट जाईल एवढ्या फटी पडतात. म्हणून त्याने पत्र्याच्या साच्यांतच आकसण्याचा हिशेब धरला होता, आणि वर अट घातली की बसवण्याआधी तीन आठवडे तुकडे दालनात मोकळे पसरून ठेवायचे आणि एसी चालू करायचा.

कंत्राटदाराचा व्यवस्थापक रिफ्अत हा कडक इस्त्रीचा माणूस. तो हसायलाच लागला. "लाकडाला एसी? अहो, माणसांना अजून लावलेला नाही!"

"माणसं आकसली तर जमीन उसवत नाही, साहेब."

नर्मीनबाईंनी एसी लावायला लावला. तीन आठवडे सगळे गवंडी, प्लंबर आणि वायरमन दुपारची झोप लाकडाशेजारी काढायला येत होते. रिफ्अत मात्र सावध. त्याने दालनाच्या कोपऱ्यात खोक्यांची एक भिंत उभी करून ठेवली होती. खोक्यांत तयार पट्ट्या होत्या, प्लास्टिकवर लाकडाचं चित्र छापलेल्या. "असू द्या," तो म्हणायचा, "वेळ सांगून येत नाही."

वरच्या मजल्यांच्या पट्ट्या त्याने झपाट्याने बसवल्या. पट्टी भिंतीपाशी कापता येते, तिथे काही अडत नाही. मग मुतवल्ली ताऱ्याला लागला. सरस न लावता आधी सगळं कोरडंच मांडायचं, हा त्याचा नियम. मधला तुकडा ठेवला, मग त्याच्याभोवती आठ, मग सोळा. दोन दिवस तो नुसता हसत होता. तारा उमलत होता, अक्षरशः फुलत होता! लिफ्टचे लोक शिडीवर चढून वरून बघायचे. नर्मीनबाई दर तासाला काहीतरी निमित्त काढून यायच्या आणि कडेने बूट काढून फिरायच्या.

शनिवारी सकाळी पहिलं टोक खांबापाशी आलं. खांबाच्या बोटभर अलीकडे ते थांबायला हवं होतं, तेवढ्या जागेत पितळेचं कडं बसायचं होतं. शेवटचे तीन तुकडे हातात राहिले आणि टोक खांबाला जाऊन भिडलं. मुतवल्लीने दुसरं टोक मांडलं. तेही भिडलं. तिसरं तर वाकडं होऊन खांबाच्या बगलेत शिरलं.

तारा त्याच्या जागेपेक्षा मोठा झाला होता.

"मापं चुकली?" नर्मीनबाईंचा आवाज अगदी लहान झाला होता.

"मापं नाही चुकली." त्याने खिशातून पत्र्याचा साचा, आकसून झाल्यावरच्या मापाचा, काढला आणि एका तुकड्यावर ठेवला. पत्र्याबाहेर केसभर लाकूड डोकावत होतं. दुसऱ्यावर ठेवला. केसभर. ओकवर, अक्रोडावर, केसभर. एक तुकडा त्याने स्वतः केलेला होता, कोपरा कसा मारलाय ते तो झोपेत ओळखेल. त्यावरही साचा ठेवला. केसभर.

सातही दुकानांनी पुढच्यासाठी शेजारधर्म ठेवला होता. त्यानेही ठेवला होता. चाळीस वर्षं ज्या अंगठ्याखालून केसभर जास्तीचंच लाकूड गेलं, त्या अंगठ्याला तेच माप बरोबर वाटत होतं. पण या वेळी पुढचं दुकान नव्हतं. पुढे तोच होता, आणि त्याच्या पुढे खांब. केसाला केस लागत खांबापर्यंत दोन बोटं झाली. एवढा हुशार माणूस, वाळवंटाच्या हवेचा हिशेब केला आणि आपल्या गल्लीचा करायचा विसरला. मला तर ऐकतानाच कपाळावर हात मारावासा वाटला.

रिफ्अत खोक्यांना टेकून उभा होता. "गुरुवारी उद्घाटन आहे, उस्ता. बुधवारी दुपारपर्यंत तारा बसला तर बसला. नाहीतर माझी माणसं खोकी फोडतील. वाईट वाटून घेऊ नका. वरचे मजले छान झालेत."

चार हजार तुकडे, चार दिवस, एक माणूस. मुतवल्ली ताऱ्याच्या मधोमध जाऊन बसला. आयुष्यात एकदा अख्खी वस्तू हाताशी आली होती, आणि आता तिच्यावर लाकडाचं चित्र अंथरणार होते. त्याने फोन काढला. इन्शिराहला लावायचा म्हणून काढला आणि लावला शहाताला.

"शहाता, केस राहिलाय."

  पलीकडून शहाता ओरडला, "सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर. माझ्यासुद्धा."

"अरे देवा! जन्मभर लोकांनी कंजूष म्हणून हिणवलं, आणि बुडालो ते जास्त दिलं म्हणून!" आणि हसता हसता त्याला ठसका लागला. "ऐक, तू हात लावू नकोस. ज्याचा केस त्याने काढायचा. येतो आम्ही."

रविवारी सकाळी नऊला दालनाच्या काचेच्या दारासमोर एक मिनीबस थांबली. तिच्या टपावर रंधे, कानशी, गुणे, कामाची बाकं, आणि एक अख्खी हातगाडी. आतून गल्ली उतरली, सातही दुकानं, तेरा माणसं. सगळ्यांत शेवटी शहाता, हातात मुशब्बकची पेटी. मुशब्बक म्हणजे आमची जिलबी, पण ताटाएवढी, आणि ती बसमध्ये कुणी फोडू नये म्हणून तो दुमयात ते काहिरा मांडीवर घेऊन बसला होता.

"हे कोण?" रिफ्अत दारात आडवा आला.

"पुढचं दुकान," शहाता म्हणाला आणि त्याच्या हातावर मुशब्बकचा तुकडा ठेवून आत शिरला.

मग जे सुरू झालं ते बघायला वायरमन वायर सोडून आले. खांबाखांबाशी एकेक दुकान थाटलं गेलं. मुतवल्ली मधे बसून तुकडा उचलायचा, पाठीवरची दुकानाची खूण बघायचा, "तुझा!" म्हणून फेकायचा. ज्याचा असेल तो झेलायचा, साच्यात धरायचा, कानशीचे दोन हात, रंध्याचा एक, आणि तुकडा हातगाडीवर. हातगाडी त्या चकचकीत दालनात खांबाखांबाला थांबत गोल फिरत होती, जशी गल्लीत फिरते. शिव्या, चहा, टोमणे.

"हा केस म्हणतोस? हा घोड्याचा केस आहे!"

"तुझ्या दुकानासाठी ठेवलेला. तुझा रंधा बोथट आहे हे माहीत होतं मला!"

"उस्ता, हा तुकडा बघ, बरोबर मापात. केसच नाही ठेवला. कोण हा माजोरडा?"

सगळ्यांनी वळून शहाताकडे बघितलं. त्याने एक दिवस सुतार बनून दहा-बारा तुकडे कापले होते. "मी पॉलिशवाला," तो म्हणाला. "माझ्यापुढे कधी कोणाचं दुकान नसतं. मला कुठून माहीत असणार?" यावर जो हशा झाला तो म्हणे सहाव्या मजल्यावर ऐकू गेला.

चाळीस वर्षं ही माणसं एकाच खुर्चीवर काम करत आली होती, पण एका छपराखाली एकत्र कधीच नाही. पुढच्या दुकानाचा हात कसा चालतो ते त्यांनी इथे पहिल्यांदा पाहिलं. सोमवारी नक्षीवाल्याने बाही सरसावून बैठकवाल्याला कानस धरायची नवी पद्धत दाखवली. मंगळवारी रिफ्अतने कोट काढला. आणि तो हातगाडी ढकलायला लागला.

बुधवारी अकराला आठव्या टोकाचा शेवटचा अक्रोडाचा तुकडा राहिला. तेराही माणसं कडेने उभी. मुतवल्लीने तुकडा ठेवला आणि मुठीने एकदाच ठोकला. टक्! खांबाच्या बोटभर अलीकडे. नर्मीनबाई ओरडल्या, अगदी शाळेतल्या मुलीसारख्या, आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. शहाताने वाकून आठही टोकांना बोट लावून पाहिलं, म्हणाला, "आता सगळे मागे व्हा. यापुढे माझं दुकान," आणि तेलाचा डबा उघडला. तेल पडताच अक्रोड काळंभोर झालं, बीच उजळलं, आणि बघणारे शपथेवर सांगतात, दालनाला दुसरा दिवा लावल्यासारखं झालं.

गुरुवारी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, नर्मीनबाईंनी गल्लीतल्या बायकामंडळींना बोलावलं होतं. इन्शिराह नव्या काळ्या झग्यात आली. दारातच थांबली, चपला काढल्या, आणि अनवाणी चालत मधोमध गेली.  नवऱ्याने तीस वर्षांत सांगितलेल्या सगळ्या पायांचं देणं ती बहुतेक त्या एका क्षणात डोळे भरून बघून फेडत होती.

"आता सांगा," ती म्हणाली, "यातलं आपलं कुठलं?"

मुतवल्ली खाली बसला. जन्मभराची सवय, ती कुठे जाणार? गुडघ्याचा पट्टा कुरकुरला. त्याने बीचच्या गुलाबी भागावर हात ठेवला आणि चाचपायला सुरुवात केली. आपला कोपरा, आपली धार, आपला केस. हात इकडे गेला, तिकडे गेला. अंगठा एका तुकड्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, कुठे अडकेचना. एक दुकान कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, काहीच लागत नव्हतं. लोक बघत होते. तो रांगत चार हात पुढे गेला, पुन्हा मागे आला.

"उठा आता," इन्शिराह हळूच म्हणाली. "लोकांना वाटेल काही हरवलंय."

त्याने वर पाहिलं. चेहरा नुसता उजळला होता, डोळ्यांत पाणी.

"हरवलंच आहे," तो म्हणाला. "अगं, सापडतच नाहीये! कुठलं माझं, कुठलं त्यांचं, मला सापडत नाहीये!"

इन्शिराहने इकडेतिकडे पाहिलं नाही. झगा गोळा करून ती सगळ्यांसमोर त्याच्याशेजारी खाली बसली आणि आपला तळवा लाकडावर ठेवला.